मुक्काम सोलापूर, परतीची गाडी आधी



आजचा विषय आहे, एखाद्या शहरात तीन-चार दिवस मुक्काम करायचा आणि तिथून रेल्वेने आजूबाजूच्या सहली कशा करायच्या. या विषयावर बोलायला कवीला कशाला बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. कवी माणूस गाडी चुकवण्यासाठीच प्रसिद्ध. तसं मी बोलूनही दाखवलं. कार्यक्रमाच्या निर्मात्या बाई हसून म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला बोलावलंय. वेळेवर पोचलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं काय असतं?"

तर मी आज गाडी चुकलेला माणूस म्हणून बोलणार आहे.

आधी थोडं घरचं सांगतो. मी लातूरचा. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि एका पतसंस्थेत चिकटलो. हिशेब दिवसा आणि कविता रात्री. कवितेच्या निमित्ताने मी पुष्कळ हिंडलो. तालुक्या-तालुक्यातली कविसंमेलनं केली. रात्रीच्या गाड्या, पहाटेचे स्टँड, कुणाच्या तरी ओसरीवर पथारी, शाल-श्रीफळ घेऊन परत. लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा मुलीने सहज विचारलं, "अब्बा, तुम्ही एवढे फिरलात, अम्मीने काय पाहिलं?" मी मोजायला लागलो. अम्मीने पाहिली होती ती लग्नं, मयतं आणि दवाखाने. तिचा प्रत्येक प्रवास कुणाच्या तरी सुखासाठी नाहीतर दुःखासाठी होता. स्वतःसाठी एकही नव्हता.

मुलगी तिथेच थांबली नाही. पुण्याहून तिने फोनवरच सगळं ठरवलं. डिसेंबरचा महिना, मुक्काम सोलापूर, चार दिवस आणि पाच रात्री.

सोलापूरच का, असं तुम्ही विचाराल. माझा पहिला सल्ला इथेच आहे. मुक्कामाचं गाव निवडताना ते गाव किती सुंदर आहे एवढंच पाहू नका, तिथून रुळांना किती फाटे फुटतात ते पाहा. सोलापूर मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय आहे. मुंबई-चेन्नई मुख्य मार्गावरचं मोठं स्टेशन. पुढे पंधराएक किलोमीटरवर होटगी जंक्शन. तिथे रूळ दुभंगतात. एक फाटा कलबुर्गीकडे, म्हणजे आपल्या जुन्या गुलबर्ग्याकडे जातो, दुसरा विजयपुराकडे, म्हणजे विजापूरकडे. दोन्ही गावं रेल्वेने सोलापूरपासून सुमारे एकशे दहा किलोमीटर. सकाळी निघावं, दिवसभर पाहावं, रात्री आपल्याच खोलीत झोपावं. रोज सामान बांधायचं नाही, रोज नवी उशी नाही. आमच्या वयाच्या माणसांना ही फार मोठी सोय असते.

आम्ही लातूरहून कुर्डुवाडीला आलो आणि तिथे गाडी बदलली. या मार्गावर एके काळी ‘बार्शी लाइट’ धावायची. अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि पुढे एका बाजूला लातूरपर्यंत, दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. लहानपणी मी तिच्यात बसलो आहे. चढावर ती इतकी हळू व्हायची की पोरं खाली उतरून बोरं वेचायची आणि पुन्हा चढायची, असं मोठी माणसं सांगत. आता तिथे रुंद रूळ आहेत. बायको खिडकीशी बसली होती. बार्शी मागे पडली तसं तिने विचारलं, "आपण कुणाकडे चाललोय?" सवयीने विचारलं तिने. मी म्हणालो, "कुणाकडेच नाही." तिला ते जरा विचित्रच वाटलं.

लॉज आणि सामान

लॉज शक्यतो स्टेशनपासून चालत जाता येईल असा घ्या. पहाटेची गाडी असेल तर रिक्षा शोधत बसावं लागत नाही. पैसे देण्याआधी खोली पाहा. नळाला पाणी येतं का, गरम पाणी किती ते किती, जिने किती, हे विचारा. खोली सोडण्याची वेळ चोवीस तासांची आहे की दुपारी बाराची, हे तर विचाराच. त्यात एका दिवसाचं भाडं जातं. ओळखपत्राच्या दोन-तीन झेरॉक्स जवळ ठेवा.

आणि एक छोटी पिशवी वेगळी ठेवा. ती सहलीला रोज खांद्यावर असली पाहिजे. तिच्यात पाणी, औषधं, थोडी साखर किंवा बिस्किटं, एक चादर आणि ओळखपत्र. या पिशवीचं महत्त्व मी पुढे सांगणार आहे, कारण पहिल्या दिवशी ती मी खोलीतच ठेवली होती.

‘रोड’ नावाची गंमत

गाडीचं वेळापत्रक पाहताना एका शब्दाकडे लक्ष द्या. तो शब्द म्हणजे ‘रोड’. अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड, इंडी रोड. स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ लागलं की समजावं, गाव इथे नाही. गावाला जायचा रस्ता इथून आहे, एवढंच रेल्वे तुम्हाला सांगते आहे. अक्कलकोट रोडला उतरलात तर स्वामींचं अक्कलकोट दहा-अकरा किलोमीटर पुढे राहतं. सोलापूरहून अक्कलकोटला एसटीच बरी, चाळीस किलोमीटरचा रस्ता. तुळजापूरलाही एसटीच. पंढरपूरला रेल्वेने जायचं तर कुर्डुवाडीचा वळसा पडतो, तिथेही एसटी सोपी. सगळीकडे रेल्वेचाच हट्ट धरू नये. रेल्वे जिथे गावाच्या दारात सोडते तिथे रेल्वे.

विजापूर तसं गाव आहे. स्टेशनातून बाहेर पडलात की गोलघुमट समोर दिसतो. चालत जाता येतं.

गाड्यांच्या वेळा मी मुद्दाम सांगत नाही. त्या बदलतात. काही गाड्या रोज नसतात, आठवड्यातून एक-दोनदाच असतात, आणि घोटाळा तिथेच होतो. आदल्या रात्री मोबाइलवर पाहा, १३९ या रेल्वेच्या नंबरवर विचारा, आणि तरीही स्टेशनवरच्या चौकशी खिडकीत एकदा तोंडाने विचारा. जनरलचं तिकीट आता मोबाइलवरही काढता येतं. मात्र गाडी सुपरफास्ट असेल तर साधं तिकीट चालत नाही, वरचा आकार भरावा लागतो. गाडीत टीसीशी वाद घालण्यापेक्षा खिडकीवरच विचारून घ्यावं.

पहिला दिवस

आता माझी फजिती सांगतो. फजिती म्हणजे सौम्य शब्द वापरतोय.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही सोलापूरला पोचलो आणि शुक्रवारी सकाळीच विजापूरची गाडी पकडली. होटगी सोडली की काळी जमीन लागते. डिसेंबरात ज्वारी कमरेच्या वर आलेली असते. मग भीमा नदीचा पूल. इंडी रोडच्या आसपास लिंबाच्या बागा. पुढे निंबाळ नावाचं लहानसं स्टेशन येतं. तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे अलाहाबाद विद्यापीठात शिकवून झाल्यावर इथे येऊन राहिले, १९५७ मध्ये इथेच गेले. संतवाङ्मयावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिणारा माणूस या माळावरच्या स्टेशनाशेजारी राहत होता, हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ती म्हणाली, "डब्यातली पोळी खाऊन घ्या, मग सांगा." मी म्हणालो, "तिथे गेल्यावर जेवू."

मी एक कागद तयार केला होता. त्यावर आठ ठिकाणं. गोलघुमट, संग्रहालय, जामा मशीद, मेहतर महाल, बारा कमान, उपळी बुरूज, मुलूख-ए-मैदान तोफ आणि इब्राहिम रोजा. आठ ठिकाणं आणि एक दिवस. तुम्ही हसाल, पण तुमच्याही खिशात असा कागद कधी ना कधी असतोच.

गोलघुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. १६५६ मध्ये तो वारला, तेव्हापर्यंत हे काम चाललं होतं. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे चव्वेचाळीस मीटर, आणि आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी तो भार तोलून धरला आहे. चार कोपऱ्यांना सात मजली मनोरे, त्यांच्यातून वर जायचे जिने. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. तिथे एका टोकाला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं की थेट समोरच्या टोकाला ऐकू येतं. मोठ्याने हाक मारली तर ती पुन्हा पुन्हा परत येते.

बायकोने जिन्याकडे पाहिलं. अरुंद, उंच पायऱ्या. ती म्हणाली, "हळूहळू चढू या का?" मी घड्याळ पाहिलं. म्हणालो, "तू खाली बस, मी पटकन जाऊन येतो. पुढे सात ठिकाणं आहेत."

मी वर गेलो. शाळेची सहल आली होती, पोरं ओरडत होती. मीही त्यांच्यात उभं राहून स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं. ते परत आलं. सात-आठ वेळा माझंच नाव मला ऐकू आलं. तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

खाली आलो तर संग्रहालय बंद. पुरातत्त्व खात्याची बहुतेक संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. हा दुसरा सल्ला, लिहून ठेवा. मग रिक्षाने जामा मशीद. शुक्रवार असल्याने जुम्याची नमाज तिथेच झाली. त्यात वेळ गेला. मग तोफ. मुलूख-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली. सुमारे पंचावन्न टन वजनाची. ती आमच्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यातून विजापूरला आणली. एवढं लोखंड-कांसं बैलांनी ओढत नेलं असेल, तर त्या बैलांवर कुणी कविता का केली नाही, असं मी म्हणत होतो. बायको काहीच बोलत नव्हती. मला वाटलं, ती माहिती ऐकते आहे.

जेवायचं राहूनच गेलं. डबा तिच्या हातात होता, आणि मी "आता हे एवढं बघू, मग बसू" असं म्हणत तिला पुढे नेत होतो. तिला साखरेचा त्रास आहे. सकाळी गोळी घेतलेली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तीस वर्षं एका घरात राहतो आम्ही.

इब्राहिम रोज्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिथून निघताना मला कागदावरची बारा कमान आठवली. वाटेतच आहे, पाच मिनिटं, असं म्हणालो. ती पाच मिनिटं महाग पडली. आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा फलाटाच्या टोकाला होता. त्यानंतर रात्री उशिरापर्यंत सोलापूरकडे गाडी नव्हती. आणि हे मी सकाळी पाहिलंच नव्हतं.

मी चिडून काहीतरी बोललो. तिने उत्तर दिलं नाही. वळून पाहिलं तर ती बाकावर बसली होती. कपाळावर घाम, हात थंडगार, बोटं थरथरत होती. मी विचारलेलं तिला कळत नव्हतं. औषधांची, साखरेची पिशवी सोलापुरात लॉजवर. फलाटावर एक चहावाला होता. मी त्याला धड काही सांगूही शकलो नाही. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, चहा बाजूला ठेवला, पेल्यात पाणी घेतलं आणि डब्यातली साखर मुठीने त्यात टाकली. "कूड्री, कूड्री," असं मला म्हणाला. बसा, असं ते कानडी होतं. मी बसलो. तिने घोट घोट करून ते पाणी घेतलं. मग दोन बिस्किटं. मग डब्यातली पोळी, सकाळची. दहा-पंधरा मिनिटांनी तिने माझ्याकडे नीट पाहिलं. श्रोतेहो, त्या पंधरा मिनिटांत मी एकही ओळ रचली नाही. चहावाल्याने साखरेचे पैसे घेतले नाहीत.

मग रिक्षाने एसटी स्टँड. कर्नाटकात बसवरच्या पाट्या बहुतेक कानडीत. अंकही कधीकधी कानडी. मी मराठीचा कवी तिथे निरक्षर होऊन उभा होतो. एका कॉलेजच्या मुलीने पाटी वाचली, कंडक्टरला सांगून बायकोला पुढची जागा मिळवून दिली. सोलापूरला पोचायला रात्र झाली. वाटेत बायको एक शब्द बोलली नाही. खोलीत आल्यावर आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "कल मैं नै आती. तुमे जाव."

दुसरा दिवस, सोलापुरातच

मी गेलो नाही. तो शनिवार आम्ही सोलापुरातच घालवला, आणि तो सहलीतला चांगला दिवस झाला. तेव्हा तिसरा सल्ला असा. चार दिवसांत एक दिवस मोकळा ठेवा. तो वाया जात नाही.

सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसलो. पाण्याच्या मधोमध मंदिर, शेजारी भुईकोट किल्ला. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास इथे गड्ड्याची यात्रा भरते. तुम्हाला यात्राच पाहायची असेल तर तेव्हा या, पण शांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळा. हेच पंढरपूरच्या एकादशीला आणि गाणगापूरच्या पौर्णिमेला लागू आहे. कॅलेंडर पाहून निघावं.

मग डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घरातलं स्मारक पाहिलं. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, युद्धात जखमी झालेल्यांवर इलाज करत राहिला आणि १९४२ मध्ये तिकडेच वारला. बायको त्याच्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. म्हणाली, "याच्या आईला वाटलं असेल, येईल परत."

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशीही गेलो. १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसताना ही चार नावं आठवावीत. चार जातिधर्मांचे चार लोक, एका दिवशी, एका फासावर. या गावावर माझा जीव आहे तो त्यामुळे.

दुपारी बायकोने चादरी पाहिल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. विणकरांमध्ये तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज मोठा. दुकानदार मराठीत भाव सांगत होता, आत तेलुगूत हिशेब चालला होता आणि बायको दख्खनीत घासाघीस करत होती. तिघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. एक चादर तिने मुलीसाठी घेतली. दुसरी घेतली ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "ही माझ्यासाठी." तीस वर्षांत हे वाक्य मी क्वचितच ऐकलं असेल.

खाण्याचं सांगायचं तर कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दोन्ही टिकतात, म्हणून सहलीला उत्तम. डिसेंबर-जानेवारीत शेतावर हुरडा मिळतो. उन्हाळ्यात मात्र इकडे येऊ नका. इथलं ऊन चाळिशीच्या पुढे जातं आणि दगडी इमारती भट्टीसारख्या तापतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ.

नवे नियम

रात्री तिने माझा कागद मागितला. त्याच्या मागच्या बाजूला तिने नियम लिहिले. तेच तुम्हाला वाचून दाखवतो, माझ्या सगळ्या भाषणात कामाचं तेवढंच आहे.

एक. आधी परतीची गाडी ठरवायची, मग जायची.
दोन. शेवटची गाडी आपली नाही. तिच्या आधीची आपली. शेवटची आणि एसटी, या दोन्ही राखीव.
तीन. दिवसाला दोन ठिकाणं. तिसरं फुकट मिळालं तर घ्यायचं.
चार. एक वाजता जेवण. समोर ताजमहाल असला तरी.
पाच. पिशवी माझ्या खांद्यावर.

मी म्हणालो, "पिशवी मी घेतो." ती म्हणाली, "नक्को." हा शब्द मराठी आहे की दख्खनी, यावर विद्वानांनी वाद घालावा. आमच्या घरात तो अंतिम असतो.

रविवारी आम्ही या नियमांनी कलबुर्गीला गेलो. दोनच ठिकाणं. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ सालची. तिला उघडं अंगण नाही, सगळी छताखाली. आत कमानींमागे कमानी, आणि ऊन बाजूने येतं. आपल्याकडे अशी मशीद सहसा पाहायला मिळत नाही. दुसरं ठिकाण ख्वाजा बंदे नवाज यांचा दर्गा. ते १४२२ मध्ये गेले. सहाशे वर्षं तिथे सगळ्या जातिधर्मांचे लोक येतात. एक वाजता जेवलो. ज्वारीची रोटी आणि भरलं वांगं. गाडीच्या आधी पाऊण तास फलाटावर होतो. पाऊण तास फलाटावर काय करायचं, असं मला आधी वाटायचं. फलाटावर बसून लोक पाहणं हीसुद्धा सहलच आहे, फक्त तिला तिकीट वेगळं लागत नाही.

पुन्हा विजापूर

सोमवारचा दिवस उरला होता. मी विचारलं, कुठे जायचं? ती म्हणाली, "विजापूर. मला वर जायचंय."

सकाळची गाडी. या वेळी निंबाळ आलं तेव्हा आम्ही डबा खात होतो. स्टेशनवर मी चहावाल्याला शोधलं. तो दिसला नाही. फलाटावरच्या दुसऱ्या एकाकडे निरोप ठेवला. तो पोचला की नाही, कोण जाणे.

गोलघुमटाचा जिना आम्ही प्रत्येक मजल्यावर थांबून चढलो. सात मजले, सात विसावे. प्रत्येक मजल्याच्या खिडकीतून गाव थोडं थोडं खाली जातं, हे मला आदल्या वेळी दिसलंच नव्हतं. सोमवार असल्याने की काय, वर गर्दी नव्हती. ती सज्ज्याच्या एका टोकाला भिंतीशी बसली. मी फिरून समोरच्या टोकाला गेलो. मध्ये सव्वाशे फुटांच्या आसपास पोकळी, खाली कबर. मी भिंतीला कान लावला.

मला वाटलं, काहीतरी मोठं ऐकू येईल. तीस वर्षांचं साचलेलं. भिंतीतून तिचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा, "सुनो जी, टिरेन कित्ते बजे है?"

मी वेळ सांगितली. तिलाही ऐकू गेली.

उतरल्यावर संग्रहालय पाहिलं. मग जेवण, आणि मग दुसरं ठिकाण म्हणून पुन्हा इब्राहिम रोजा, कारण पहिल्या दिवशी तो तिने पाहिलाच नव्हता, फक्त त्याच्याभोवती चालली होती. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर. १५८० ते १६२७ त्याचं राज्य. संगीताचा वेडा राजा. ‘किताब-ए-नौरस’ नावाचं गीतांचं पुस्तक त्याने लिहिलं आणि त्यात सरस्वतीला, गणपतीला वंदन केलं. भाषा कोणती, तर दख्खनी. मी बायकोला म्हणालो, "हा बादशहा तुझ्या स्वयंपाकघरातली भाषा लिहीत होता." ती चौथऱ्यावर पाय सोडून बसली होती. म्हणाली, "मग तुम्ही का नाही लिहीत?"

मी मराठीत लिहितो, श्रोतेहो, आणि मराठीतच लिहीत राहणार. ती माझ्या शाळेची, माझ्या गल्लीची, माझ्या पोटापाण्याची भाषा आहे. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून शोधतोय. सहलीवरून माणसाने चटणी आणि चादर आणावी, तसा एखादा प्रश्नही आणावा. त्याला सामानात जागा लागत नाही.

परतीची गाडी आम्ही आधीच ठरवली होती. शेवटची नव्हे, तिच्या आधीची. अर्धा तास आधी फलाटावर होतो. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. बायको म्हणाली, "बघा, अजून एक ठिकाण झालं असतं." आणि स्वतःच हसली.

तेव्हा श्रोतेहो, जवळचं एखादं जंक्शन निवडा. घरच्या ज्या माणसाने आजवर फक्त लग्नं आणि दवाखाने पाहिलेत, त्याला बरोबर घ्या. कागदावर आठ ठिकाणं लिहिली असतील तर सहा खोडा. आणि एक वाजता जेवा.

नमस्कार.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)